नेल्सनचा पंखा

पाचूबंदरात कुणालाही बंद पडलेला पंखा दाखवा, तो एकच नाव सांगेल: आलू. बाप्तिस्म्याचं नाव आलोशियस, पण ते चर्चच्या वहीत आणि आधारकार्डावर राहिलं. कोळ्याच्या पोटी जन्मला आणि होडीत पाय ठेवला की ओकायला लागायचा. अशा मुलाचं करायचं काय, म्हणून बापाने तो सोळा वर्षांचा असताना त्याला वसईच्या बाजारात सुधाकर मिस्त्रींच्या दुकानात नेऊन बसवलं. मिस्त्री पंखे आणि मोटारी वाइंडिंग करायचे, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायची. आलूचा हात तारेत असा बसला की वर्षभरात मिस्त्री गल्ल्यावर बसून विडी ओढायला मोकळे झाले.

आता आलू सत्तावन्न वर्षांचा आहे. त्याच्या हाताला नाव ठेवायला जागा नाही. जी काय नावं ठेवायची ती लोक त्याच्या जिभेला ठेवतात. पंखा कधी मिळेल असं विचारलं की आलू म्हणतो, "उद्या." हा उद्या आठवड्याने येतो, महिन्याने येतो, कधी पावसाळा उलटून जातो. आलूकडे पंखा टाकला म्हणजे विहिरीत टाकला, असं बायका म्हणतात. पण त्याने गुंडाळलेला पंखा पुन्हा दहा वर्षं कुरकुरत नाही, त्यामुळे त्याच बायका पुन्हा त्याच विहिरीवर येतात.

समुद्राने किनारा खात खात घरं गिळली तेव्हा सरकारने थोड्या आतल्या बाजूला चार इमारती बांधून दिल्या. चार माळे, शहाण्णव घरं. तळमजल्यावर आलूला घर मिळालं आणि त्याने पुढच्या खोलीत दुकान थाटलं. दुकानाच्या छताला एक जुना, वजनदार पंखा फिरायचा. मिस्त्रींच्या हाताखाली आलूने एकट्याने गुंडाळलेला तो पहिला पंखा. मिस्त्रींनीच खूश होऊन तो त्याला देऊन टाकला होता. "चाळीस वर्षं झाली, अजून उघडला नाही," हे वाक्य प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकावं लागे. नव्या गिऱ्हाइकाला दोनदा.

गेल्या वर्षी वसाहतीत सरकारची वीज वाचवायची योजना आली. गच्चीवर ऊन परतवणारा पांढरा रंग, घरोघरी नव्या ट्यूब, आणि प्रत्येक घराला दोन नवे पंखे, जे म्हणे निम्म्याहून कमी विजेत फिरतात. सगळं फुकट. चौथ्या माळ्यावरच्या लोकांनी तर देवाचे आभार मानले, कारण एप्रिलात त्यांच्या घरात भिंतीला हात लावला तरी चटका बसे. योजनेची इंजिनियर होती विनया नावाची मुलगी. एव्हरशाईन सिटीतून स्कूटरवर यायची, ऊन डोक्यावर घेऊन जिने चढायची, आणि कुणी चहा दिला तर उभ्यानेच पिऊन पुढच्या दाराची कडी वाजवायची. तिने पहिल्याच दिवशी आलूला गाठलं.

"काका, लोकांचा विश्वास तुमच्यावर आहे. फिटिंग तुम्हीच करा ना."

आलू तयार झाला. नवा पंखा उघडून पाहिला तर आत गुंडाळायला काही नाहीच. एक हिरवी पट्टी आणि तिच्यावर मुंग्यांएवढे पार्ट. बिघडला की फेकायचा. आपण बसलोय त्याच फांदीवर आपण कुऱ्हाड चालवतोय हे त्याला कळत होतं. पण ऐन उन्हाळ्यात चौथ्या माळ्यावर जाऊन त्याने किती म्हाताऱ्यांना घामाने निथळताना पाहिलं होतं. फांदी तर फांदी, म्हणून त्याने एकेक पंखा चढवला.

योजनेची अट एकच. नवा घ्यायचा तर जुना द्यायचा. जुना कुणी विकला, दुसरीकडे लावला, तर वीज वाचली कुठे? म्हणून जुने सगळे पंखे गोळा करून, मोजून, सगळ्यांसमोर तिथल्या तिथे तोडायचे. एकशे ब्याण्णव नवे दिले तर एकशे ब्याण्णव जुने तुटले पाहिजेत. आकडा जुळला की मगच गच्चीच्या रंगाला हिरवा कंदील.

आता प्रिस्काबाय. सत्तरीची बाई, चौथ्या माळ्यावर एकटी राहते, अजून सकाळी मासळीबाजारात पाटी घेऊन बसते. तिचा नेल्सन बारा वर्षांपूर्वी नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्याच फेरीला बोटीतून गेला तो आलाच नाही. बोट सापडली, जाळं सापडलं, बरोबरचे दोघे जिवंत सापडले. नेल्सन सापडला नाही. शरीरच नाही तर पुरायचं काय? दफनभूमीत नुसता क्रूस लावू या, असं फादर म्हणाले होते. "रिकाम्या मातीवर मी मेनबत्ती लावनार नाय," असं म्हणून बाई उठून गेली. त्याऐवजी तिने त्याच्या नावाने सोसायटीच्या हॉलला पंखा दिला. लोक देतातच तसे. पात्यावर ऑइलपेंटने नाव लिहून. एका पात्यावर "कै. नेल्सन", दुसऱ्यावर "याच्या आठवणीसाठी", तिसऱ्यावर "आईकडून". तो पंखा हॉलमध्ये चढवला होता आलूनेच.

दोन नोव्हेंबर, मृतांचा दिवस. साऱ्या गावाची माणसं दफनभूमीत जातात, थडगी धुतात, झेंडूची फुलं ठेवतात, मेणबत्त्या लावतात. त्या सकाळी प्रिस्काबाय हॉलमध्ये जायची आणि स्टुलावर चढून नेल्सनचा पंखा पुसायची. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. पुढे हॉलमध्ये एसी बसले आणि जुने पंखे ज्याचे त्याला परत गेले. बाईने तो घरी आणून आपल्या खाटेवर लावला. नेल्सनचं नाव जगात लिहिलेलं होतं ते तेवढ्या एका ठिकाणी.

फेब्रुवारीत तो पंखा बंद पडला. बाईने उतरवून घेतला, गोणपाटात बांधला आणि आलूच्या दुकानात आणून ठेवला. "नेल्सनचा हाय. नीट कर. पात्यांना घासू नको."

"उद्या बघतो, प्रिस्काबाय."

तोवर वापरायला आलूने तिच्या खोलीत दुकानातला एक जुना पंखा लावून दिला. बाईची सोय झाली आणि आलूची घाई संपली. गोणपाट कोपऱ्यात गेलं. त्याच्यावर एक टेबलपंखा आला, टेबलपंख्यावर मिक्सर आला. बाई आठवड्याने जिना उतरायची, काउंटरपलीकडे उभी राहून विचारायची, "कवा?" आलू म्हणायचा, "उद्या." सात महिने असे गेले. सप्टेंबरात योजनेचे नवे पंखे आले, तिच्या खोलीतला तो बदली पंखाही जमा झाला, तरी नेल्सनचा पंखा गोणपाटातच होता.

आणि मग तो मोजणीचा दिवस आला.

खाली आवारात जुन्या पंख्यांचा ढीग, भंगाराची गाडी, हातोडे घेतलेले दोन मजूर, आणि बघायला निम्मी वसाहत. विनयाने दोनदा मोजलं. "काका, एकशे एक्क्याण्णव. एक कमी आहे. कुठल्या तरी घरी राहिला असेल. पुन्हा सगळी घरं बघावी लागतील. आज जमलं नाही तर ही गाडी परत कधी येईल सांगता येत नाही, आणि गच्चीचं काम तोपर्यंत थांबेल."

चौथ्या माळ्याची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कोण चोर, असा प्रत्येकाच्या तोंडावर प्रश्न. चोर तिथेच हातात पकड घेऊन उभा होता. पुढच्या खोलीत सरकारी पंखा चढवून आलूने मिस्त्रींचा पंखा चादरीत गुंडाळून पोटमाळ्यावर सरकवला होता. एक पंखा राहिला तर सरकार काय बुडणार आहे, असं तेव्हा त्याला वाटलं होतं.

"थांबा मॅडम, माझ्याकडं आहे एक," असं म्हणून तो आत गेला.

आत जाईपर्यंत त्याच्या मनात खोट नव्हती, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. त्याने स्टूल घेतलं, पोटमाळ्यावर हात घातला, चादर ओढली. पंख्याचं वजन हातावर आलं. बाहेरून हातोड्याचा पहिला घाव ऐकू आला. त्या आवाजासरशी त्याचा हात थांबला. मग त्याची नजर कोपऱ्यातल्या गोणपाटावर गेली. हा तर बंदच आहे, मन म्हणालं. जळालेला आहे. सरकारला मेलेलाच पंखा हवा, मग हाच दिला तर काय बिघडलं? नाव काय, दुसऱ्या पात्यांवर पण लिहिता येतं. मन असलं वकीलपत्र फार झटपट घेतं. मिक्सर खाली उतरला, टेबलपंखा उतरला, आणि आलू गोणपाट उचलून बाहेर आला. गाठ सोडायलाही तो थांबला नाही, तसंच मजुराच्या हातात दिलं.

मजुराने गोणपाट फाडलं. पाती बाहेर आली तशी विनया पुढे झाली. "काका, याच्यावर कुणाचं तरी नाव आहे."

त्या वेळी प्रिस्काबाय बाजारात होती. बाकीचे लांब होते. आलूने नावाकडे पाहिलं नाही. "जुनंच आहे, मॅडम. हॉलमधलं भंगार. कुणाचं काही नाही."

मजुराने पात्यांवर पाय देऊन ती वाकवली आणि मोटारीवर तीन घाव घातले. विनयाने फोटो काढला. एकशे ब्याण्णव. चौथ्या माळ्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि कुणीतरी आलूच्या पाठीवर थाप मारली.

त्या रात्री तो जेवला नाही. पित्त झालंय, असं बायकोला, मार्थाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी प्रिस्काबाय काउंटरपलीकडे हजर. "कवा?" तोंडातून सवयीने निघालं, "उद्या." आजवर तो हजारदा उद्या म्हणाला होता, पण तो आळस होता. हा शब्द पहिल्यांदाच खोटा होऊन बाहेर पडला, आणि म्हणता म्हणता त्याचे कान तापले. बाई म्हणाली, "दोन तारखेच्या आत दे रं बाबा. त्या दिवशी मना दुसरीकडं जायला जागा नाय."

मग सुरू झाली ती लपाछपी. बाईचं पाऊल जिन्यावर वाजलं की आलू मागच्या दाराने बाहेर. कुणाची ट्यूब लावायच्या निमित्ताने शेजारच्या भुईगावला जाऊन बसायचा. एकदा त्याने विनयाला फोन करून सहज विचारल्यासारखं विचारलं, ते जुने पंखे कुठे असतात हो? "ते तर तेव्हाच वितळवायला गेले, काका. का?" काही नाही, असं म्हणून त्याने फोन ठेवला. ऑक्टोबरात गच्चीला पांढरा रंग लागला. ऑक्टोबरचं ऊन भाजून काढत होतं, पण चौथ्या माळ्यावरच्या बायका खाली येऊन सांगत, आलू, यंदा भिंत गार लागते रे. त्याला ते ऐकवत नसे. चर्चमध्ये पापनिवेदनाच्या रांगेत तो दोनदा उभा राहिला, आणि दोन्ही वेळा पुढची माणसं संपत आली तसा रांगेतून बाहेर पडला. काय सांगायचं फादरला? पंखा चोरला, असं? पंखाच असता तर नवा आणून दिला असता.

दोन तारखेच्या आधीची झाडलोट करताना मार्थाने पोटमाळ्यावरची चादर खाली ओढली. आत मिस्त्रींचा पंखा. तिने कोपऱ्यात पाहिलं. मिक्सर होता, टेबलपंखा होता, गोणपाट नव्हतं. बाईमाणसाला हिशेब शिकवावा लागत नाही. ती चादरीची घडी घालत राहिली, मग म्हणाली, "तिला तू सांगनार, का मी सांगू?"

"मी बघतो," आलू म्हणाला.

बघतो म्हणजे सांगतो असं मार्थाला वाटलं. आलूने सांगितलं नाही. सांगायला जे लागतं ते त्याच्याकडे नव्हतं. त्याच्याकडे होते हात. त्याने मिस्त्रींच्या पंख्याची पाती काढली, खालच्या बाजूने घासली, नेल्सनच्या पंख्याला होता तसा सायीचा रंग दिला. दोन दिवस वाळू दिली. मग ब्रश घेऊन एका पात्यावर लिहिलं "कै. नेल्सन", दुसऱ्यावर "याच्या आठवणीसाठी", तिसऱ्यावर "आईकडून". अक्षरं त्याला पाठ होती. लिहिताना त्याला रडू आलं, आणि रडता रडता थोडं बरंही वाटलं. जिवापाड जपलेली वस्तू आपण देतोय, म्हणजे फिटलंच की, असं त्याला वाटलं. अपराध्याला स्वतःलाच माफी द्यायची फार घाई असते.

एक तारखेला त्याने पंखा चौथ्या माळ्यावर नेला, सरकारी पंखा उतरवून स्वयंपाकघरात लावला, आणि खाटेवर हा चढवला. बटण दाबलं. पंखा फिरला. प्रिस्काबाय खाली उभी राहून मान वर करून बघत होती. चहा टाकते म्हणाली, पण आलूला थांबवेना.

दुसऱ्या दिवशी दफनभूमीतून आल्यावर चारच्या सुमारास माळ्यावरची माणसं बाईच्या घरी प्रार्थनेला जमली. आलूला यावंच लागलं. मार्थाच त्याला घेऊन आली. खाटेवर पांढरी चादर, तिच्यावर झेंडू, आणि एका बशीत मेणबत्ती, वारा लागू नये म्हणून पंखा बंद. प्रार्थना झाली. बाईने सगळ्यांना केळी आणि चहा दिला, आणि मग सर्वांसमोर म्हणाली, "ह्या आलूने माजा नेल्सन परत आनला. त्याला माज्या डोळ्यांनी वरती बघितला. देव त्याचं भलं करो." माणसांनी आलूकडे कौतुकाने पाहिलं. त्याला वाटलं, जमीन फाटली तर बरं, पण चौथ्या माळ्याखाली तिसरा माळा असतो. मार्था भिंतीकडे बघत होती.

माणसं पांगली. मार्था कपबशा विसळायला आत गेली. आलूही उठला, तशी बाई म्हणाली, "तू बस."

तो बसला. तिने टेबलाच्या खणातून एक पेन्सिल काढली, सुतार वापरतात तसली चपटी.

"दर वरशी पंखा पुसला की मी पात्याच्या वरल्या बाजूला एक रेघ मारायची. नेल्सनला किती वरसं झाली त्याची. वरली बाजू कोन बगतो? धूळ बगते नि मी बगते." तिने वर बोट केलं. "आज सकाळी बारावी मारायला चढले. वर एकबी रेघ नव्हती."

आलूच्या डोक्यात एकच शब्द राहिला: सकाळी. म्हणजे आत्ता सगळ्यांसमोर ती जे बोलली ते सगळं माहीत असून बोलली होती.

"प्रिस्काबाय..."

"पंखा तुजा हाय. मिस्त्रीचा. त्याचा आवाज मी वळखते, किती वेळा तुज्या दुकानात त्याच्याखाली उभी ऱ्हायले! काल चालू केलास तवाच कळलं. तरी म्हटलं, पाती तरी नेल्सनची असतील." तिने पेन्सिल दुसऱ्या हातात घेतली. "माजा मोडला?"

"मोडला," आलू म्हणाला. "मीच दिला. माझा वाचवायला." मग थांबवता न आल्यासारखं सगळंच बाहेर आलं: चादर, गोणपाट, हातोडा, विनयाने विचारलेलं, आणि आपण काय म्हणालो ते. कुणाचं काही नाही, हेही त्याने सांगितलं. ते नसतं सांगितलं तरी चाललं असतं, पण त्याला ते पोटात ठेवून जिना उतरता येईना. आत कपबशांचा आवाज थांबला होता.

बाईने सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "सात महिन्यांत ते गोनपाट तू एकदाबी सोडलं नाय ना?"

"नाही."

"सोडलं असतंस तर रेघा दिसल्या असत्या."

आलू रडायला लागला. बाईने त्याला गप्प केलं नाही, रडू दिलं. त्याचं संपल्यावर तिने भिंतीकडचं स्टूल ओढलं आणि पंख्याखाली ठेवलं.

"मगाशी बोल्ले ते तुज्यासाठी नाय बोल्ले. त्याच्या दिवशी त्याच्या मेनबत्तीसमोर भांडन नको म्हनून बोल्ले. चढ."

"काय?"

"चढ. बारा मारायच्या हायेत. माजे पाय आता थरथरतात."

आलू चढला. बाईने एका हाताने स्टूल धरलं आणि दुसऱ्या हाताने पेन्सिल वर दिली. त्याने नेल्सनचं नाव असलेलं पातं थोडं वळवून पाहिलं. वरची बाजू त्याने रंगवलीच नव्हती; कुणाला दिसते, असा विचार करून सोडली होती. चाळीस वर्षांची काळी तेलकट धूळ तिथे तशीच होती. त्याने बाहीने ती पुसली आणि पहिली रेघ ओढली.

"त्या वरशी मी बाजारात बसलेच नाय," बाई खालून म्हणाली.

दुसरी रेघ.

"त्या वरशी बसले. बोंबील घेतलेच नाय पन. समुद्राचं काय खायाला मन होईना."

तिसरी रेघ. चौथी. पाचव्या रेघेला म्हणाली, त्या वर्षी नेल्सन तीस वर्षांचा झाला असता. आलू एकेक रेघ मारत गेला. पेन्सिल हलकी होती तरी त्याचा हात भरून आला. चाळीस वर्षांत त्याने हजारो वेढे मोजून गुंडाळले असतील, पण बारापर्यंत मोजायला त्याला इतका वेळ कधी लागला नव्हता. बाराव्या रेघेला तो थांबला आणि खाली पाहिलं.

"मार," बाई म्हणाली. "आन् पुढल्या वरशी तेरावी. मी असली नसली तरी तू येऊन मारायची."

त्याने बारावी मारली. "येईन."

"कवा?" तिने विचारलं, काउंटरपलीकडे उभी राहून विचारायची तशीच.

त्याच्या जिभेवर आलेला शब्द त्याने गिळला.

"दोन तारखेला," आलू म्हणाला. "सकाळी. चर्चची पहिली घंटा व्हायच्या आत."

बाईने मान हलवली. तो खाली उतरेपर्यंत तिने स्टूल सोडलं नाही.